घरी अभ्यासाला बसलं की झोप येते? काय करायचं ते क्रमानं सांगते

घरी बसून अभ्यास करणाऱ्या पोरापोरींचा एकच प्रश्न मला सारखा येतो, ताई पुस्तक उघडलं की झोप यायली, काय करू. मी स्वतः कोल्हापुरात शिवाजी पेठेत दोन खोल्यांच्या घरात बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलाय, आता माझा धाकटा भाऊ त्याच घरात करतोय, त्यामुळं क्लास न लावता, हॉस्टेलला न राहता, घरातल्या गडबडीत अभ्यास करताना काय काय होतंय ते मला चांगलं माहीत आहे. ज्यांनी आत्ताच सुरुवात केलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बारावी असू दे, सीए असू दे, पोलीस भरतीची लेखी असू दे, सगळ्यांना लागू आहे.

पहिली गोष्ट समजून घ्या, सगळ्यांना झोप एकाच कारणानं येत नाही. रात्रीची अपुरी झोप, दुपारचं जेवण, गादीवर बसून वाचायची सवय, नुसतं वाचतच राहणं, आणि अंगात रक्त कमी असणं, ही पाच वेगवेगळी कारणं आहेत आणि चहा यातल्या एकावरही औषध नाही. तुमचं कारण कुठलं ते आधी शोधायचं, मग उपाय. उलटं केलं की महिना जातो आणि घरचे म्हणतात पोरगं आळशी आहे.

काय काय लागेल

फार काही लागत नाही, बहुतेक घरात असतंय:

- टेबल-खुर्ची. नसेल तर चौरंग किंवा घडीचं छोटं टेबल, आणि पाठ टेकायला भिंत
- टेबल लॅम्प
- गजराचं साधं घड्याळ, मोबाईलचा गजर नको, कारण खाली सांगितलंय
- पाण्याची बाटली
- एक वही झोपेच्या नोंदीसाठी, आणि पाठकोरे कागद भरपूर
- कानात घालायला इअरप्लग किंवा कापूस
- अभ्यासिका लावणार असाल तर आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो जवळ ठेवा, बहुतेक ठिकाणी मागतात. डिपॉझिट परत मिळतंय का आणि रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते हे पैसे भरायच्या आधी विचारा

१. पाच दिवस नुसती नोंद करा

काही बदलू नका. फक्त वहीत लिहा, रात्री किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, काय खाल्लं, कुठं बसलो होतो, कुठला विषय होता, आणि झोप किती वाजता आली. पाच दिवसांनी वही उघडली की दिसतंय.

सकाळी उठून तासाभरातच पेंग येत असेल तर रात्रीची झोप कमी पडतेय. फक्त दुपारी एक ते चारमध्ये येत असेल तर ते बऱ्याच अंशी नैसर्गिक आहे. एखाद्याच विषयाला येत असेल, म्हणजे गणिताला नाही पण राज्यशास्त्राला येते, तर दोष वाचायच्या पद्धतीत आहे. आणि दिवसभर, कुठंही, काहीही करताना येत असेल, रात्री आठ तास झोपूनसुद्धा, तर मधलं सगळं सोडा आणि थेट नऊ नंबरला जा.

२. रात्रीची झोप आधी नीट करा

हा मुद्दा लांबणार आहे, कारण दहातल्या आठ जणांची गाडी इथंच अडकते असं मला आजवर बघून वाटतं.

आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातंय, आणि ते जितकं साठेल तितका झोपेचा दाब वाढतो. झोपलो की ते कमी होतं. अर्धवट झोप झाली की शिल्लक राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी चढतं. म्हणून सलग चार रात्री पाच-पाच तास झोपलेला पोरगा पाचव्या दिवशी कितीही मनावर घेऊन बसला तरी पेंगणारच, त्याच्या इच्छाशक्तीचा इथं काही संबंध नाही. १४ ते १७ वयाला ८ ते १० तास आणि १८ ते २५ वयाला ७ ते ९ तास झोप लागते. शिवाय दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेतच होतं, म्हणजे झोप कापून वाचलेलं परीक्षेपर्यंत टिकतच नाही.

आता आपल्याकडचा मोठा घोळ. घरातली मोठी माणसं सांगतात पहाटे चारला उठून अभ्यास केला की डोक्यात राहतो. राहतो, खरंय, पण ती माणसं रात्री नऊला झोपत होती. तुम्ही बाराला झोपून चारला उठणार असाल तर त्यात काही अर्थ नाही. पहाटे तीन ते पाच ही वेळ तशीही शरीर सगळ्यात मंद असायची असते. पहाटेच उठायचं असेल तर दिवा नऊ-साडेनऊला बंद झाला पाहिजे, आणि दोन खोल्यांच्या घरात हे एकट्याच्या हातात नसतं. म्हणून घरच्यांशी बसून बोला. आई, सिरियल नऊला बंद करशील का, पप्पा, मॅचचा आवाज कमी ठेवा, असं सरळ सांगा. परीक्षेपुरतं म्हटलं की घरचे ऐकतात. नसेल जमत तर पहाटेचा नाद सोडा, साडेअकरा ते साडेसहा झोपा आणि सातला बसा, काही बिघडत नाही.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. रविवारी अकरापर्यंत झोपलं की रात्री झोप लांबते आणि सोमवार खराब जातो. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेर उजेडात जा. रंकाळा तलाव जवळ असेल तर एक चक्कर, नसेल तर गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की शरीराचं घड्याळ लागतं, रात्री वेळेवर झोप यायला त्याचीच मदत होते.

मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजराचं घड्याळ म्हणूनच सांगितलंय, मोबाईलवर गजर लावला की तो उशाशी येतो आणि उशाशी आला की रील चालू होतात.

३. बसायची जागा

गादीवर, कॉटवर, पांघरूण घेऊन वाचायचं नाही. रात्री जिथं झोपता तिथंच पुस्तक उघडलं की अंग झोपायच्या तयारीला लागतं. खाली बसणार असाल तर सतरंजी टाका, पाठ भिंतीला आणि पुस्तक चौरंगावर, मांडीवर नको, मान खाली गेली की पाच मिनिटात डोळे जातात.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर वेगळाच विषय असतो. आभाळ भरलेलं, दुपारी दोनला संध्याकाळसारखा अंधार, खिडक्या बंद, खोलीत दोरीवर ओले कपडे, आणि बाहेर पावसाचा एकसुरी आवाज. अशात झोप येणारच. मग दिवसासुद्धा ट्यूब आणि लॅम्प दोन्ही लावा, लाईट बिलाची काळजी महिन्यापुरती बाजूला ठेवा. कपडे शक्य असेल तर दुसरीकडं टाका. दर तासाला पाच-दहा मिनिटं खिडकी किंवा दार उघडा, बंद खोलीत हवा कोंदली की डोकं जड होतंच. लॅम्प लिहायच्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवा म्हणजे वहीवर सावली पडत नाही.

४. जेवण

दुपारची मरगळ नुसती जेवणामुळं येत नाही, न जेवताही त्या वेळेला शरीर थोडं सुस्तावतंच. पण भरपेट भात खाल्ला की ती दुप्पट होते. म्हणून दुपारी भात कमी करा किंवा रात्रीवर ढकला. भाकरी, उसळ नाहीतर पिठलं, कांदा-काकडी, ताक एवढ्यावर थांबा आणि चारला परत भूक लागली तर फुटाणे-शेंगदाणे खा. एकदम पोटभर खाण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं बरं.

तांबडा-पांढरा बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही. रविवारी घरात मटण आहे तर मनापासून जेवा, फक्त त्या दुपारी नवीन धडा काढू नका. तो वेळ वहीची पानं लावायला, नोट्स फाईल करायला, आठवड्याचं वेळापत्रक करायला ठेवा. मिसळ खायची तर सकाळी, आणि ब्रेड चार घेऊ नका.

जेवल्यावर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, गल्लीतच चाला, नाहीतर जेवल्यानंतरची भांडी घासा. मुलींना हे काम तसंही असतंच, पण भावालाही लावा, दोघांनी वाटून केलं तर दोघांचा अभ्यास होतो.

पाणी विसरू नका. बाटली समोर ठेवा, लांब ठेवली की पिलं जात नाही.

५. दुपारची डुलकी, पण घड्याळ लावून

डुलकी काढणं चुकीचं नाही, उलट फायद्याचं आहे, फक्त ती वीस मिनिटांच्या पुढं न्यायची नाही. त्याच्या पुढं गेलं की गाढ झोप लागते आणि मधेच उठलं की अर्धा-पाऊण तास डोकं बधिर राहतं. ज्यांना वाटतं दुपारी झोपलं की संध्याकाळ वाया जाते ते सगळे दीड-दोन तास झोपलेले असतात.

कसं करायचं: तीनच्या आत. खुर्चीत मान टेकून किंवा सतरंजीवर, अंधार करायचा नाही, पांघरूण नाही. घड्याळ वीस मिनिटांनी लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडा, तेवढ्यानंही बरं वाटतं. एक युक्ती आहे, डुलकीच्या लगेच आधी कपभर चहा किंवा कॉफी प्या. कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही उठता तेव्हा ते कामाला लागलेलं असतं. उठल्यावर तोंडावर पाणी आणि लगेच उजेडात.

६. चहा-कॉफी आणि त्याच्या पुढच्या वाईट गोष्टी

वर अ‍ॅडेनोसिन सांगितलं ना, ते मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं त्या जागेवर कॅफिन आधीच रुमाल टाकून बसतंय, एसटीत सीट धरतात तसं. म्हणजे झोपेचं रसायन गेलेलं नसतं, नुसतं उभं राहिलेलं असतं. कॅफिन उतरलं की ते एकदम बसतं आणि मग आणखी जोरात झोप येते.

अंगातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला कडक चहा घेतला तर रात्री अकराला निम्मा परिणाम शिल्लकच. मग झोप उशिरा, सकाळ खराब, परत चहा, असं चक्र चालू राहतं. दिवसाला दोन-तीन कप, शेवटचा चार वाजायच्या आत, एवढा नियम पाळला तरी खूप फरक पडतो. रात्री काहीतरी गरम पाहिजेच असेल तर दूध घ्या, गंगावेशीत धारोष्ण मिळतंय पण घरी आणून उकळूनच प्या.

एनर्जी ड्रिंकच्या कॅनच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात एका लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन असतं, आणि बहुतेकांमध्ये वर भरपूर साखर. लहान मुलांसाठी ते नाहीच.

आणि हे कळकळीनं सांगते. जागं राहायच्या गोळ्या कुणी मित्रानं दिल्या तर घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असलं काही घ्यायचं नाही, एका पेपरसाठी तर नाहीच. बऱ्याच पोरांना अभ्यासाच्या नावाखाली सिगरेट, मावा, तंबाखू लागते, झोप उडते म्हणून सुरू होते, आणि परीक्षा संपली तरी ती सुटत नाही. शिवाय निकोटिननं रात्रीची झोप बिघडतेच.

७. वाचायची पद्धत बदला

अंग स्थिर, डोळे एका रेषेत, हात रिकामे, असं तासभर वाचलं तर पूर्ण झोप झालेल्या माणसालाही पेंग येईल. हात, तोंड किंवा पाय, काहीतरी चालू पाहिजे.

एक पान वाचा, पुस्तक पालथं घाला, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. उदाहरणार्थ राजर्षी शाहूंचं प्रकरण वाचलं, पुस्तक बंद, आता लिहा: २६ जुलै १९०२ ला काय झालं, किती टक्के, कुणासाठी, कुठल्या संस्थानात. अडलं की उघडून बघा आणि परत बंद. हे त्रासदायक वाटतं, आणि डोकं जागं राहतं ते त्या त्रासामुळंच. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलेलं होतं. परत वाचलं की आपल्याला येतंय असं वाटत राहतं, तो भास असतो.

दुसरं, मोठ्यानं बोला. भिंतीला शिकवा, आजीला शिकवा, आजी प्रश्न विचारते ते फार कामाचे असतात. पाठांतराचं सगळं उभं राहून, येरझाऱ्या घालत करा. जुन्या तालमीत जोर मारणारी पोरं कविता म्हणत जोर मारायची असं आमच्या आजोबांकडून ऐकलंय, तसं जमत असेल तर तेही करा.

वेळ लहान तुकड्यात घ्या, २५ मिनिटं अभ्यास आणि ५ मिनिटं उठणं. त्या पाच मिनिटात मोबाईल नाही, पाणी, जिना, खिडकी एवढंच. चार तुकडे झाले की मोठी सुट्टी घ्या. विषय लावतानाही विचार करा, जड वाचन सकाळी, दुपारी दोन ते चार गणितं, बुद्धिमत्ता, प्रश्नपत्रिका, म्हणजे जिथं पेन चालतं ते.

८. आत्ता लगेच झोप यायली, काय करू

उभं राहा. गार पाण्यानं तोंड, मान आणि मनगटं धुवा. दोन मजले जिना चढून या. सगळे दिवे लावा. लवंग किंवा आल्याचा तुकडा चघळा. विषय बदला. यातलं सगळं दहा-वीस मिनिटांपुरतं आहे, हे डोक्यात ठेवा. दोनदा केलं आणि तरी डोळे मिटतायत तर दिवस असेल तर डुलकी, रात्र असेल तर दिवा बंद करून गप झोपायचं. तासभर पेंगत वाचलेलं पान सकाळी दहा मिनिटात होतं.

झोप घालवायला रात्री गाडी काढून चहाला जायचं नाही. पेंगणाऱ्या डोळ्यांनी टू-व्हीलर चालवणं जीवावरचं आहे, आणि पावसात तर आणखीच.

गल्लीतल्या आवाजाचंही इथंच सांगते. गणपतीत, मॅच जिंकल्यावर, मिरवणुकीत आवाज होणार, आपल्या पेठेत ते ठरलेलं आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, सणांच्या ठराविक दिवसांना सूट मिळते तेवढी सोडून. मंडळाच्या पोरांना आधी जाऊन नीट सांगितलं की परीक्षा आहे तर बहुतेक वेळा ऐकतात, आपलीच पोरं असतात. नाहीच ऐकलं तर पोलिसांचा ११२ नंबर आहे. अशा दिवसात दिवसा अभ्यासिकेत किंवा वाचनालयात जाऊन बसा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आपल्याच गावात आहे, आणि कितीतरी पोरांना ते माहीतच नसतं.

९. सगळं करूनही झोप येते, मग डॉक्टर

रात्री सात-आठ तास झोप होतेय, जेवण ठीक आहे, आणि तरी दोन-तीन आठवडे दिवसभर पेंग, दम लागणं, केस गळणं, पाय दुखणं असेल तर रक्त तपासा. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, आहे, आणि घरात त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देतात. मुलींनो, ही तपासणी पुढं ढकलू नका. हिमोग्लोबिन बायकांचं १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल तर ते कमीच आहे. डॉक्टर साधारण सीबीसी (रक्तातल्या पेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी), थायरॉईड, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन बघायला सांगतात. खाजगीत परवडत नसेल तर सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय आहे.

जाताना सोबत न्या: आधार, जुने रिपोर्ट असतील तर ते, चालू असलेल्या गोळ्यांची नावं, आणि पहिल्या नंबरला केलेली झोपेची वही. ती वही दाखवली की डॉक्टरांना बरंच कळतं.

दोन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. एक, सर्दीच्या गोळ्या. पावसाळ्यात आपण मेडिकलमधून घेऊन टाकतो आणि दिवसभर का पेंगतोय ते कळत नाही, बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते, डॉक्टरांना सांगा अभ्यास आहे, कमी झोप आणणारी असते ती देतील. दुसरं, जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला की अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. तासभर थांबा, आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा.

घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतोय असं घरचे सांगत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि सतत झोपावंसं वाटणं, कशातच मन न लागणं, रडू येणं असं असेल तर ते मनाचं दुखणं असू शकतं. परीक्षा एक-दोनदा हुकलेल्या पोरांमध्ये मी हे बघितलंय. घरात एकाला तरी सांगा, आणि डॉक्टरांकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

१०. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस

हॉल तिकिटावर पेपरची वेळ बघा. पेपर सकाळी दहाला असेल आणि तुम्ही रात्रीचे अभ्यास करणारे असाल तर पंधरा दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपत आणि लवकर उठत वेळ मागं आणा, एकदम एका दिवसात होत नाही. त्याच वेळेला घरात घड्याळ लावून सराव पेपर सोडवा. दुपारच्या सत्रात पेपर असेल तर दुपारी हलकं जेवून लगेच बसायची सवय आत्तापासून लावा, आणि त्या पंधरा दिवसात डुलकी पेपरच्या वेळेत नको, आधी घ्या.

आदल्या रात्री झोप नीट लागली नाही तर घाबरू नका, आधीच्या आठवड्याची झोप पूर्ण असेल तर एका रात्रीनं पेपर जात नाही. सेंटर लांब असेल तर केएमटीची (शहर बसची) किंवा एसटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं पिशवीत भरा आणि दहाला दिवा बंद करा.